कावळा लगेच शिवला

गावच्या कमानीपाशी टेम्पो आला आणि बनाला पहिली शिसारी आली ती तिथल्या फ्लेक्सची.

वीस फूट उंच फ्लेक्स. त्यावर तिचे वडील, माजी सैनिक हवालदार ज्योतिबा गोरड, बर्फात एक पाय पुढे टाकून, मशीनगन रोखून उभे. मुंडकं आबांचं, धड दुसऱ्याच कुण्या पैलवान गड्याचं. मुंडक्याचा फोटो बनानं लगेच ओळखला. औंधला यमाईच्या डोंगरावर तिच्या प्रांजलचं जावळ काढलं, तेव्हाचा तो. त्या दिवशी आबांनी कपाळभर कुंकू लावून घेतलं होतं. फ्लेक्सवाल्यानं ते पुसायची तसदी घेतली नव्हती, त्यामुळे बघणाऱ्याला वाटावं की ह्या माणसाला कपाळात गोळी लागलीय. खाली ‘कारगिलचा ढाण्या वाघ’ असं लिहिलेलं, आणि त्याच्याही खाली हात जोडून, आबांच्या दुप्पट आकाराचा, तिचा धाकटा भाऊ रविराज. पंचायत समितीची निवडणूक जवळ आली होती.

टेम्पो चालवणारा तिचा नवरा लालासाहेब काही बोलला नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहून वाहून त्या माणसाला न बोलता जगायची सवय झाली होती. मधे बसलेल्या श्रेणिककाका मगदूमांनी मात्र चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि पुन्हा लावून बघितलं. काका सांगलीजवळचे जैन शेतकरी, आबांचे पलटणीतले सोबती. आबा ज्या तुकडीत होते तिथेच ते भांडारात कारकून होते.

"बना," ते हळूच म्हणाले, "तुझ्या आबानं हे हत्यार हातात धरलं कवा गं?"

कधीच नाही. हे बनाला ठाऊक होतं, काकांना ठाऊक होतं आणि फ्लेक्स छापून आणणाऱ्या रविराजला तर चांगलंच ठाऊक होतं. आबा धनगराचं पोर. जनावराची नस कळते म्हणून पलटणीनं त्यांना खेचरांवर नेमलं, आणि चोवीस वर्षं त्यांनी खेचरंच हाकली. डोंगरावरच्या चौक्यांना पीठ, रॉकेल, दारूगोळा, घरची पत्रं, सगळं खेचरांच्या पाठीवरून पोचवायचं. एका खेचराचं त्यांनी लेकीच्या आठवणीनं ‘बना’ असं नाव पाडलं होतं. लहानपणी हे कळलं तेव्हा बना दोन दिवस नीट जेवली नव्हती. पुढे मोठी झाल्यावर मात्र ती आपणहून सगळ्यांना सांगायची. "म्या गोळी न्हाई झाडली," आबा म्हणायचे, "पर झाडणाऱ्याच्या पोटात भाकरी म्या घातली." असं म्हणताना त्यांची मान ताठ असायची. त्या मानेला आज दुसऱ्याचं धड चिकटवलं होतं.

आज तिसरा दिवस होता, राख सावडायचा. परवा, मातीच्या दिवशी, बना येऊन गेली होती. प्रांजलची परीक्षा आहे म्हणून त्याच संध्याकाळी लालासाहेबानं तिला सांगलीला परत नेलं होतं, आणि तीही गेली होती. जाताना तिनं रविराजच्या बायकोला, उत्कर्षाला, आईचं सगळं समजावून सांगितलं होतं. मी बघते की, असं उत्कर्षानं मान डोलावून सांगितलं होतं.

घरात शिरताच बनाला दुसरी शिसारी आली.

आई पुढच्या सोप्यात होती. अकरा वर्षांपूर्वी लकवा मारल्यापासून अंबूबाई मधल्या खोलीत, खिडकीजवळच्या खाटेवर असायची. उजवं अंग गेलेलं, शब्द अर्धे तोंडात, अर्धे बाहेर. ती खाट आता उचलून सोप्यात, दारासमोर आणून ठेवली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला भेटता यावं म्हणून. आईला नवं लुगडं गुंडाळलं होतं, पदर कपाळापर्यंत ओढला होता आणि उताणी झोपवलं होतं. सोप्यात अगरबत्तीचा वास होता, आणि अगरबत्तीच्या खाली दुसरा वास होता. अकरा वर्षांत ह्या घरात तो वास कधी आला नव्हता. कुणी तरी तालुक्याचे नेते खाटेशी वाकून आईचा गेलेला हात हातात घेऊन उभे होते आणि त्यांचा माणूस मोबाइलमधे फोटो काढत होता. पहिला नीट आला नाही म्हणून त्यांनी हात सोडला आणि पुन्हा धरला.

नेते बाहेर पडल्यावर बनानं उत्कर्षाला विचारलं, "कूस कवा बदलली?"

उत्कर्षा चहाचे कप गोळा करत होती. बदलली की, म्हणाली. कधी, ते सांगितलं नाही. बनानं पुन्हा विचारल्यावर मात्र ती खाली बघूनच बोलली. "आवं वन्सं, दिवसभर माणसं येत्यात. भितीकडं त्वांड करून झोपवलं तर कसं दिसतं ते?"

कसं दिसतं! बनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आबांनी अकरा वर्षं दर दोन तासांनी आईची कूस बदलली होती. डावी, उजवी, पुन्हा डावी. ही विद्या त्यांना कुठल्या दवाखान्यात मिळाली नव्हती, खेचरांनी शिकवली होती. ओझं एका जागी बसलं की खेचराच्या पाठीचं कातडं आधी लाल होतं, मग काळं पडतं, मग सडतं, आणि सडलेली पाठ पुन्हा ओझं घेत नाही. म्हणून खोगीर उतरलं की पाठीवरून उलटा हात फिरवायचा; जिथे ऊब जास्त लागेल तिथे उद्याची जखम. आबा आईच्या पाठीवरून, कमरेवरून, टाचांवरून तसाच उलटा हात फिरवायचे. कँटीनची रम त्यांनी जन्मात घोटभर घेतली नाही. पलटणीत असताना ती खेचरांच्या पाठीला चोळली आणि पेन्शनीत आल्यावर बायकोच्या. त्यावरून गावात काय काय बोललं गेलं, ते सांगायची सोय नाही. पण अकरा वर्षांत अंबूबाईच्या अंगावर वाटाण्याएवढी जखम झाली नव्हती. तालुक्याच्या डॉक्टरनं एकदा उलटसुलट तपासून आबांना विचारलं होतं, कोणती नर्स ठेवलीय?

बनानं आईच्या कमरेखाली हात घालायला सुरुवात केली, तेवढ्यात रविराज दारात आला. पांढरे कडक कपडे, गळ्यात भगवा गमछा. सगळी मंडळी ओढ्याला पोचलीत, म्हणाला. साहेबांना अकरा वाजता दुसऱ्या गावात आणखी एक सावडायचं आहे, उशीर करून चालणार नाही. आईचं मागनं बघू.

"मागनं म्हंजी कवा?" बनानं विचारलं. "आईचं काय ठरलंय तुमचं?"

रविराजच्या मागे मल्हार उभा होता, सगळ्यात धाकटा. कराडला लागून मलकापुरात त्याचं मोबाइलचं दुकान. त्यानं लगेच सांगून टाकलं की त्याची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद असते. रविराज म्हणाला की दहावं झाल्यावर बसून ठरवू, पण साताऱ्याजवळ एक आश्रम त्यानं बघून ठेवलाय, लय स्वच्छ हाय, फरशा चकाचक. मग दोघांनी बनाकडे बघितलं. बनानं अंगणात टेम्पोला टेकून उभ्या असलेल्या लालासाहेबाच्या पाठीकडे बघितलं. निघताना तो एवढंच बोलला होता की आपल्या दोनच खोल्या आहेत, हे ध्यानात ठेव. आईनं खाटेवरून डोळे तिच्याकडे वळवले, तेव्हा बनानं पदर सारखा केला आणि ती बाहेर पडली. कूस बदलायची राहूनच गेली.

तिला स्वतःची किळस आली. पण फार नाही, कारण तिच्याकडे अजून एक आशा होती. कावळा.

इकडे रीत अशी की राख सावडून झाली की मेलेल्याच्या आवडीचं अन्न पानात वाढून ठेवायचं आणि लांब सरून कावळ्याची वाट बघायची. कावळा शिवला तर मेलेला तृप्त होऊन गेला. नाही शिवला तर त्याचा जीव कशात तरी अडकलाय. मग घरच्यांनी एकेकानं पुढे होऊन, सगळ्या गावाच्या देखत, मोठ्यानं शब्द द्यायचा, पोरीचं लग्न करू, भावाशी बोलू, अमक्याला सांभाळू. ज्या शब्दाला कावळा येतो तो शब्द मग कुणाला मोडता येत नाही. आणि आबांचा जीव कशात अडकलेला असणार, हे बनाला वेगळं कुणी सांगायला नको होतं. कावळा येणारच नाही, अशी तिची बालंबाल खात्री होती. गावात कावळेही कमी झाले होते. गेल्या महिन्यात एका म्हातारीच्या घासापाशी माणसं दीड तास ताटकळली होती. कावळा येणार नाही, रविराज आबांच्या स्मारकाचा शब्द देईल, मल्हार आणखी कसला तरी देईल, तरी येणार नाही. मग बना पुढे होणार होती. "आबा, आईला पोरं सांभाळत्याल, दर दोन तासानं कूस बदलत्याल," हे वाक्य तिनं सांगलीपासून टेम्पोत मनातल्या मनात घोकलं होतं. भावांपुढे जे बोलायची छाती नव्हती ते मेलेल्या बापाकडून आणि एका पाखराकडून करून घ्यायचं, असा हा तिचा बेत.

ओढ्याकाठी मांडव घातला होता. पुढे नेत्यांसाठी गाद्यांच्या खुर्च्या, मागे प्लास्टिकच्या, बाया बाजूला बाभळीखाली उभ्या. राख सावडली, पाणी शिंपडलं आणि भाषणं सुरू झाली. माईक जोतीराम गुरुजींच्या हातात होता. पंचक्रोशीतल्या प्रत्येक मौतीला तेच सूत्रसंचालन करायचे आणि प्रत्येक मेलेल्यावर काळानं घालाच घातलेला असायचा. त्यांनी आवाज थरथरवत एकेकाला बोलावलं. नेते बोलले, की शत्रूच्या छातीत धडकी भरवणारा वाघ आज आपल्यात नाही. रविराजच्या पॅनेलचा एक जण बोलला, की हवालदारसाहेबांनी एकट्यानं सात जण टिपले. पुढच्यानं ते अकरा केले. कुणी अडवलं असतं तर थांबले असते, पण अडवणार कोण? बनाला वाटलं, आणखी दोन वक्ते झाले तर आबा ह्या ओढ्याकाठी शत्रूची अख्खी पलटण कापून काढतील.

मग माजी सरपंच आकाराम उभा राहिला. लग्न असो, जत्रा असो, आबा पंगतीत कधी मांडी घालून निवांत जेवले नाहीत. दोन घास तोंडात टाकायचे, हातातलं घड्याळ बघायचं आणि उठायचं. अंबूची येळ झाली. ताट अर्धं तसंच. आणि ते उठले की हाच आकाराम भर पंगतीत मोठ्यानं विचारायचा, "का रं ज्योतिबा, बायकूची धार काढायची हाय व्हय?" पंगत खो खो हसायची. आबा पण हसायचे आणि चालायला लागायचे. बाईलवेडा, हे आबांचं गावातलं नाव होतं आणि ते आकारामानं ठेवलं होतं. तोच आकाराम आता माईकवर गळा काढून सांगत होता की ज्योतिबासारखा कुटुंबवत्सल माणूस शोधून सापडायचा नाही, पत्नीच्या सेवेचा आदर्श त्यानं आपल्यापुढे ठेवला, तरुणांनी तो घ्यावा. कुटुंबवत्सल! हा शब्द त्याला गुरुजींनी कागदावर लिहून दिला असणार. बनाला खरंच उमासा आला. तिनं पदर तोंडात कोंबला, आणि शेजारच्या बाया म्हणाल्या, बिचारीला लय कढ आलाय, रडू द्या तिला.

शेवटी गुरुजींनी श्रेणिककाकांना बोलावलं. रविराजनं त्यांना बाजूला घेऊन काही तरी सांगितलेलं बनानं बघितलं होतं, पण तिचा काकांवर भरवसा होता. काका कांदा-बटाटा शिवत नसत, म्हणून डोंगरावर आबा त्यांच्यासाठी आधी स्वच्छ घासलेल्या तव्यावर वेगळी भाकरी थापायचे, नंतर बाकीच्यांची. काकांनी ती भाकरी चार वर्षं खाल्ली होती. काकांनी माईक धरला, घसा साफ केला. समोरच्या गाद्यांच्या खुर्च्यांकडे बघितलं. ‘ज्योतिबा आणि मी एकत्र होतो,’ म्हणाले. मग नजर रविराजकडे गेली. मग म्हणाले, ‘लय शूर होता,’ आणि माईक देऊन टाकला. बनाशेजारून जाताना त्यांनी मान वर केली नाही. "पोरी, समोर येवढी माणसं बघून जीभच उचलंना," असं पुटपुटले आणि बाभळीच्या पार मागे जाऊन उभे राहिले. एका खेचराचंही नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही.

मग पान मांडलं. रविराजनं तालुक्याहून डबे आणले होते. जिलेबी, गुलाबजाम, भजी, सुकं मटण. कुणी तरी पिशवीतून रमची बाटली काढली आणि हवालदारसाहेबांची आवड म्हणून टोपणभर पानाशेजारी सांडली. बनानं घरून आणलेली बाजरीची अर्धी भाकरी आणि खर्डा पानाच्या कडेला ठेवला. सगळे मागे सरले. गुरुजींनी माईकवरून शांत राहायला सांगितलं. बनानं हात जोडले आणि डोळे मिटून आपलं वाक्य पुन्हा एकदा मनात म्हटलं. ‘येऊ नको,’ ती म्हणाली. ‘आबा, येऊ नका.’

वाक्य पुरं व्हायच्या आत माणसांत कुजबुज झाली. बनानं डोळे उघडले. कावळा आला होता.

बाभळीवरून सरळ खाली उतरला तो. जिलेबी ओलांडली, मटण ओलांडलं, भाकरीचा एक तुकडा तोडला आणि उडालासुद्धा. बसला नाही, दुसरी चोच मारली नाही. मांडवावरून गावाकडे निघून गेला. एक मिनिटसुद्धा लागलं नसेल.

"धन्य, धन्य," गुरुजी माईकवर म्हणाले. असा लगेच कावळा शिवलेला त्यांनी तीस वर्षांत बघितला नव्हता. तृप्त आत्मा, काही म्हणता काही इच्छा मागे राहिली नाही, लेकांनी सगळं सुख दिलं. रविराजनं डोळ्यांना गमछा लावला. नेत्यांनी घड्याळ बघितलं, समाधानानं रविराजच्या खांद्यावर थोपटलं आणि गाडीत बसले. माणसं उठली, चहाकडे वळली. आकारामानं भज्याचा डबा उघडा राहिलाय म्हणून हळूच झाकण लावलं आणि डबा बगलेत मारला.

बना जागेवरच उभी होती. तिला गावाची किळस आली, भावांची आली, काकांची आली. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला आबांचीही किळस आली. अकरा वर्षं त्या बाईचं गू-मूत काढलं आणि जाताना तिच्यासाठी जरा अडून बसता आलं नाही? एवढी कसली घाई? ज्यांनी आबांना जन्मभर हसण्यावारी नेलं, त्यांच्याच मनासारखं करून गेले.

चपला कुठे राहिल्या ते न बघता ती घरी आली. सोपा रिकामा होता. उत्कर्षा मागच्या दारी भांडी लावत होती. आई तशीच उताणी, पदर तसाच कपाळावर. बना खाटेशेजारी जमिनीवर बसली. तिला आईकडे बघवेना.

"शि...वला?" आईनं विचारलं.

"शिवला," बना म्हणाली. "लगीच शिवला. बसला बी न्हाई. भाकरीचा तुकडा उचलला अन् गावाकडं निघून गेला."

आईच्या तोंडाची डावी बाजू, जेवढी हलायची तेवढी, हलली. आई हसत होती.

"त्यो कवा... बसून जेवलाय," ती एकेक शब्द ओढत म्हणाली. "येळ... झाली आसंल. माजी."

बनानं भिंतीवरचं घड्याळ बघितलं. अकराला पाच कमी होते. सातला, नवाला, अकराला. आबांच्या वेळा.

ती उठली. पदर खोचला, आईच्या गेलेल्या अंगाखाली एक हात घातला, दुसरा गुडघ्यापाशी, जसं आबांनी तिला दाखवलं होतं, आणि ओढायचं नाही, लोटायचं, असं मनात म्हणत तिला डाव्या कुशीवर घेतलं. लुगड्याची घडी मागून चिकटली होती. ती हळूच सोडवून बनानं कमरेवरून उलटा हात फिरवला. माकडहाडापाशी ऊब लागली. वाकून बघितलं तर रुपयाएवढा लाल डाग, मधे जरा काळपट. अकरा वर्षांत पहिला. लेकांनी दिलेलं सुख, ते एवढं.

त्या डागाकडे बघताना बनाला कळलं की कावळा उशिरा आला असता तरी तिला काही मिळणार नव्हतं. रविराजनं माईकवरून शब्द दिला असता, टाळ्या नाहीत पण माना डोलल्या असत्या, आणि आई इथेच दारासमोर उताणी सडली असती. शब्द त्यांच्याकडे पोत्यानं होते. कूस बदलायला हात लागतात, आणि ते दोन तिच्याकडे होते. सकाळीही होते. हे तिला पाखरावर ढकलायचं होतं. तिनं गरम पाणी आणलं, आईला पुसलं, कोरडं केलं, कपाटातून आबांची बाटली काढून पाठीला चोळली. रमचा वास सोप्यात पसरला आणि तो दुसरा वास मागे हटला.

मंडळी अंगणात पोचली तेव्हा बना दारात आली. लालासाहेबाला तिनं विचारलं नाही.

"टेम्पो दाराला लावा," ती म्हणाली. "आईला न्यायचंय."

लालासाहेबानं तिच्याकडे बघितलं. तिच्या हातातल्या घाण झालेल्या लुगड्याकडे बघितलं. त्यानं टेम्पो मागे घेतला, फळी पाडली, हळदीची रिकामी पोती झाडून एकावर एक अंथरली आणि आईची गादी उचलायला आत गेला. रविराज मात्र आडवा आला. असं एकाएकी कसं, म्हणाला, दहाव्याचा कार्यक्रम आहे, साहेब पुन्हा येणार आहेत.

"आई दिसली न्हाई तर लोकं काय म्हणत्याल मला?"

"दहाव्याला फ्लेक्सवर चिकटव तिला," बना म्हणाली. "धड कुणाचं बी घे. जमतंय तुला."

अंगणात कुणी हसलं नाही. मल्हार मोबाइलमधे बघू लागला. श्रेणिककाका पुढे झाले, चप्पल काढली, गादीचं एक टोक धरलं आणि लालासाहेबाबरोबर अंबूबाईला गादीसकट उचलून टेम्पोत ठेवलं. गादी ठेवून झाल्यावरही त्यांनी टोक लगेच सोडलं नाही. मग पुढे जाऊन बसले. बनानं काकांना माफ केलं की नाही हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं, पण गादी त्यांनी नीट धरली होती, एवढं तिनं बघितलं.

ती मागे आईजवळ बसली. टेम्पो हळू हळू कमानीपर्यंत आला. कुशीवर असल्यामुळे आईला मागचं सगळं दिसत होतं. फ्लेक्स दिसल्यावर तिनं डोळे बारीक केले.

"ह्यो कोण?"

"कोण की," बना म्हणाली. "आपल्या वळखीचा न्हाई."

आईनं डोळे मिटून घेतले. टेम्पोला हळदीचा वास होता, त्यात आता रमचा मिसळला. बनानं पुढच्या काचेवर टकटक करून लालासाहेबाला सांगून ठेवलं की एक वाजता, विट्याच्या पुढे कुठे तरी, झाडाची सावली बघून गाडी उभी करा. आईला तेव्हा उजव्या कुशीवर घ्यायचं होतं.